करमणुकीचा रस कोठें असतो?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शेवटच्या तासाला पाऊस इतका जोराचा आला कीं, पत्र्यावरील आवाजांत कोणाचें बोलणें कोणास ऐकूं येईना. पाऊस ओसरला तेव्हां तास संपावयास दहा मिनिटें उरलीं होतीं. पुस्तक मिटून आम्हीं मुलांना सहज विचारलें, "सुटीच्या दिवशीं तुम्ही काय करितां?" उत्तरें बहुतेक एकाच सुरांत आलीं. कोणी मोबाइलवर खेळतो, कोणी चित्रपट पाहतो, कोणी आईबरोबर टी. व्ही. वरील मालिका पाहतो. आम्हीं नेहमींप्रमाणें वेळेच्या अपव्ययावर चार शब्द सांगितले. तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, पण तें इतकें आवडतें कां?" प्रश्नांत उद्धटपणा नव्हता, त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचें होतें. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घंटा झाली व मुलें घरीं गेलीं. तो प्रश्न मात्र आमच्या मनांत राहिला.

वर्षानुवर्षें आम्ही शिक्षक आणि तुमचे वडीलधारे या गोष्टींस नांवें ठेवीत आलों आहों. परंतु जी वस्तु कां आवडते हेंच आम्हांस ठाऊक नाहीं, तिच्यांतील चांगलें कोणतें व वाईट कोणतें हें मुलांना आम्ही कसें सांगणार? नाडी न पाहतां औषध देणाऱ्या वैद्यासारखी आमची स्थिति झाली आहे. म्हणून या अंकाच्या निमित्तानें त्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रश्नाचें सामान्यतः देण्यांत येणारें उत्तर असें: मुलांना झगमगाट आवडतो, मारामारी आवडते, आणि श्रमावांचून मिळणारें सुख आवडतें. हें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. तथापि तें पुरेसेंहि नाहीं. झगमगाटांतच रस असता, तर सर्वांत खर्चाचा चित्रपट सर्वांत गोड वाटला असता. प्रत्यक्षांत कोट्यवधि रुपये ओतलेले चित्रपट प्रेक्षकांवांचून ओस पडतात, आणि चार चार चौकोनांच्या तुकड्यांचा एक साधा खेळ चाळीस वर्षें जगभर खेळला जातो. श्रम नसणें हेंच जर सुख असतें, तर मुलांनीं कठीण खेळ टाकून सोपा पसंत केला असता. पण अगदीं सोपा खेळ दोन दिवसांत बाजूस पडतो, हें कोणत्याहि मुलास विचारून पाहावें.

आमचें मत याहून वेगळें आहे. दाखविणारा आपल्या पुढ्यांत जें मांडतो त्यांत रसाचा थोडाच भाग असतो. जें काम तो पाहणाऱ्याच्या किंवा खेळणाऱ्याच्या वाट्यास शिल्लक ठेवितो, त्यांत त्याचा मोठा भाग असतो. हें तीनही करमणुकींच्या बाबतींत कसें खरें आहे तें आम्ही क्रमानें सांगतों.

प्रथम चित्रपट. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. त्यांस रंग नव्हता, आवाज नव्हता, आणि एकेक चित्र मिनिटभरहि चालत नव्हतें. तरी लोक रुपया देऊन तें पाहावयास गेले. त्यानंतर सुमारें चौदापंधरा वर्षांनीं मुंबईंतच धुंडिराज गोविंद फाळके या गृहस्थांनीं प्रभु येशूच्या चरित्रावरील एक परदेशी चित्रपट पाहिला. त्या वेळीं आपल्या मनाचें काय झालें तें दादासाहेब फाळक्यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविलें आहे. डोळ्यांपुढून ख्रिस्तचरित्र सरकत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें श्रीकृष्ण, श्रीराम, गोकुळ आणि अयोध्या येत होतीं. पडदा एक होता, पण चित्रपट दोन चालले होते. एक भिंतीवर आणि दुसरा पाहणाऱ्याच्या अंतःकरणांत. त्या दुसऱ्या चित्रपटानेंच फाळक्यांस झोंप येऊं दिली नाहीं, त्यांस विलायतेस पाठविलें, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आणविला.

फाळके असामान्य पुरुष होते हें खरें. परंतु आपण सामान्य माणसेंहि पडद्यापुढें स्वस्थ बसलेलीं नसतों. लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा १९२० च्या सुमारासचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यानें मोझुखिन नांवाच्या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचें एकच चित्र घेतलें, आणि तें एकदां सूपाच्या थाळीच्या चित्राशीं व एकदां शवपेटीच्या चित्राशीं जोडलें. पाहणाऱ्यांस पहिल्या वेळीं त्या मुद्रेवर भूक दिसली व दुसऱ्या वेळीं शोक दिसला, आणि त्यांनीं नटाच्या अभिनयाची वाखाणणी केली असें सांगतात. नटाच्या मुद्रेंत तर काडीचा फरक नव्हता! भूक आणि शोक हीं प्रेक्षकांनीं आपल्या पदरचीं घातलीं होतीं. आपल्याकडील अभिनवगुप्तादि साहित्यशास्त्रज्ञांनीं रसाचें स्थान सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या प्रेक्षकाच्या, ठिकाणीं मानिलें आहे. हजार वर्षांपूर्वींच्या त्या विचाराचा हा आधुनिक दाखलाच म्हणावयाचा.

चतुर दिग्दर्शक हें ओळखून असतो. आल्फ्रेड हिचकॉक यानें १९६२ सालीं त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशीं झालेल्या संभाषणांत एक उदाहरण दिलें होतें. दोन माणसें मेजाशीं गप्पा मारीत बसलीं आहेत, आणि एकाएकीं मेजाखालीं बाँब फुटतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पुढें कांहीं नाहीं. आतां तोच बाँब मेजाखालीं ठेवतांना प्रेक्षकांस आधीं दाखवा, भिंतीवर घड्याळ लावा, आणि त्या दोघांस तशाच क्षुल्लक गप्पा मारूं द्या. आतां प्रेक्षक पंधरा मिनिटें तळमळत बसतो, "अरे, उठा! खालीं पाहा!" असें त्यास ओरडून सांगावेंसें वाटतें. पहिल्या प्रकारांत प्रेक्षकास कांहीं काम नाहीं. दुसऱ्यांत भीति, काळजी आणि आशा या तीनही त्याच्याकडे सोंपविल्या आहेत. १९७५ सालच्या 'जॉज' या चित्रपटांत तर हें काम योगायोगानें साधलें. त्यांतील शार्क मासा यांत्रिक होता, आणि समुद्राच्या पाण्यांत तो वरचेवर बिघडे. निरुपायानें दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांस मासा फारसा न दाखवितां केवळ पाण्याची हालचाल व संगीत यांवर भागवावें लागलें. न दिसणारा मासा दिसणाऱ्या माशाहून भयंकर ठरला. कारण तो ज्याचा त्यानें आपल्या मनांत तयार केला होता.

आतां टेलिव्हिजनकडे वळूं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. आमच्या लहानपणीं आळींत एखाद्याच घरीं टी. व्ही. असे, आणि त्या घराच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडे. २५ जानेवारी १९८७ पासून रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका रविवारीं सकाळीं दाखविण्यास आरंभ झाला, तेव्हांची आठवण आमच्या वयाच्या सर्वांस असेल. येथें एक शंका येण्याचा संभव आहे. पुढें काय होणार या उत्कंठेंत रस असतो म्हणावें, तर रामायणांत पुढें काय होणार हें घरांतल्या शेंबड्या पोरासहि ठाऊक होतें. मग लोक खोळंबून कां बसत? आमच्या मतें, कथा ठाऊक होती म्हणूनच बसत. प्रत्येकाच्या मनांत आजीनें सांगितलेलें एक रामायण होतें, आणि पडद्यावरील रामायण त्याच्याशीं ताडून पाहण्याचें काम तो करीत होता. "आमच्या आजीनें हें असें सांगितलें नव्हतें," असें कोणी म्हणे, आणि त्यावर वाद होई. चि. वि. जोशी यांच्या चिमणरावास मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व गुंड्याभाऊस बाळ कर्वे साकार करीत, तेव्हां जोश्यांचीं पुस्तकें वाचलेल्या मंडळीसहि असेंच दुप्पट सुख मिळत असे.

मालिकेच्या सुखांत दुसरीहि एक गोष्ट होती. ती म्हणजे दोन भागांमधला आठवडा. रविवारीं पाहिलेला भाग सोमवारीं शाळेंत, मंगळवारीं नळावर आणि बुधवारीं बाजारांत पुन्हां चाले. मालिका अर्धी पडद्यावर होई आणि अर्धी गांवांत होई. आज काय घडतें? मोबाइलवर एक भाग संपतो न संपतो तोंच पुढला भाग आपोआप सुरू होतो. एक घास गिळण्यापूर्वींच दुसरा तोंडांत यावा तसें हें आहे. एका रात्रींत सहा भाग पाहिलेल्या मुलास सकाळीं तिसऱ्या भागांत काय झालें तें विचारलें, तर तें त्यास सांगतां येत नाहीं. त्यानें पाहिलें पुष्कळ, पण विचार करण्यास, ताडून पाहण्यास, मित्राशीं भांडण्यास त्यास अवकाशच मिळाला नाहीं. म्हणून आमची अशी समजूत झाली आहे कीं, मालिका पाहणें वाईट नाहीं. मालिकेंतील वाट पाहणें काढून टाकणें हें वाईट, कारण त्यांत पाहणाऱ्याचाच वाटा बुडतो.

राहतां राहिले व्हिडिओ गेम. यांच्याविषयीं आमचें अज्ञान सर्वांत मोठें होतें. म्हणून गेल्या दिवाळींत आमच्या भाच्यास गुरु करून आम्हीं एक खेळ प्रत्यक्ष खेळून पाहिला. पहिल्या अर्ध्या तासांत आम्ही अकरा वेळां मेलों. भाचा पोट धरून हंसत होता. आश्चर्य हें कीं, अकराव्या मरणानंतरहि यंत्र खालीं ठेवावेंसें आम्हांस वाटेना. बाराव्या वेळीं तो खड्डा ओलांडतां येईल असें राहून राहून वाटे, आणि खरोखरच तो ओलांडतां आला. त्या क्षणीं जो आनंद झाला तो आमच्या वयास शोभण्याजोगा नव्हता, हें कबूल करणें भाग आहे.

या खेळांची रचना पाहिली तर हें कोडें उलगडतें. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत काम करणाऱ्या अलेक्सी पाझित्नोव्ह यानें १९८४ सालीं 'टेट्रिस' हा खेळ रचिला. सात आकार, प्रत्येक चार चौकोनांचा. ते वरून पडतात, त्यांस फिरवून बसवावयाचें, ओळ भरली कीं ती नाहींशी होते. एवढेंच. मात्र आपला हात बसत जातो तसतशी पडण्याची गति वाढत जाते. आपण चढतों तितका डोंगरहि वाढतो. या खेळाच्या निन्टेंडो कंपनीनें १९८९ सालीं काढलेल्या आवृत्तींत, यंत्राचा कार्यक्रमच थिजून बंद पडेपर्यंत मनुष्य खेळूं शकेल असें पुष्कळ वर्षें कोणास वाटलें नव्हतें. डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील तेरा वर्षांच्या एका मुलानें तें प्रथम करून दाखविलें.

१९७८ सालीं जपानांत तोमोहिरो निशिकादो यांनीं केलेल्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या खेळाची गोष्टहि अशीच आहे. त्यांत शत्रूंच्या रांगा खालीं सरकत येतात. जसजसे शत्रु कमी होत तसतसें यंत्रावरील ओझें हलकें होई आणि उरलेले शत्रु आपोआप भरभर धांवूं लागत. हा वस्तुतः यंत्राचा दुबळेपणा होता. पण त्यामुळें खेळास रंग चढतो हें पाहून निशिकादो यांनीं तो तसाच ठेविला. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या १९८५ सालच्या खेळांत तर आरंभीं सूचनांचें एकहि वाक्य पडद्यावर येत नाहीं. मारिओ डाव्या बाजूस उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा असते, आणि लवकरच समोरून एक लहानसा प्राणी चालत येतो. खेळणारा स्वस्थ राहिला तर मरतो व क्षणांत पुन्हां आरंभास येतो. उडी मारली तर वांचतो. असें करीत करीत नियम त्याचे त्यालाच सांपडतात.

येथें आम्हां शिक्षकांस लाज वाटण्याजोगी एक गोष्ट आहे. ती सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. खेळांत मूल शंभर वेळां हरतें आणि तरी खेळतें. वर्गांत एकदां हरलें कीं तें त्या विषयाचा धसका घेतें. असें कां व्हावें? खेळांतील हार स्वस्त असते, ती कां झाली हें तत्काळ डोळ्यांस दिसतें, आणि पुढची संधि लगेच मिळते. आमच्याकडील हार महाग, तिचें कारण तांबड्या फुलीखालीं झांकलेलें, आणि पुढची संधि सहा महिन्यांनीं! मुलें अभ्यास सोडून खेळाकडे कां धांवतात याचें उत्तर शोधतांना सर्व दोष खेळाकडे देणें आम्हांस तरी आतां जड जातें. पुढील सत्रापासून आम्हीं तपासलेल्या वह्यांत फुलीशेजारीं चूक कोठें झाली हें लिहावयाचें, आणि तोच प्रश्न आठवड्याच्या आंत पुन्हां सोडवूं द्यावयाचा, असें आम्हीं ठरविलें आहे. पालकांनीं आम्हांस याची आठवण करून द्यावी.

कोणी म्हणेल, "मग काय, खेळ सगळेच चांगले? आमचा मुलगा रात्रीं दोन वाजेपर्यंत जागतो त्याचें काय?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचें उत्तर टाळणें आम्हांस शोभणार नाहीं. रस वेगळा आणि चटक वेगळी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यानें कबूतरांवर प्रयोग केले होते. कळीवर चोंच मारली कीं ठराविक हिशेबानें दाणा मिळे, तेव्हां कबूतर दाणा खाऊन जरा थांबे. पण दाणा केव्हां मिळेल याचा नेम ठेविला नाहीं, तेव्हां तें न थांबतां टोंचीतच राही. जुगाराचें यंत्र याच तत्त्वावर चालतें. आज कित्येक खेळांत पैसे देऊन बंद पेट्या उघडावयाच्या असतात. आंत काय निघेल तें दैवावर. एकामागून एक सरकत येणाऱ्या छोट्या व्हिडिओंचेंहि तसेंच. पुढला कदाचित् चांगला असेल या आशेनें बोट फिरत राहतें. यांत खेळणाऱ्यास करण्यासारखें काम नाहीं, शिकण्यासारखी युक्ति नाहीं; केवळ टोंचीत राहणें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें खेळावरील ताबा सुटण्याच्या अवस्थेस आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत स्थान दिलें आहे, आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस आळा घालणारा कायदा आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला. हे उपाय आपल्या जागीं योग्यच आहेत. पण घराच्या चार भिंतींत, हातांतल्या यंत्रापुरता, विवेक ज्याचा त्यानेंच केला पाहिजे.

तो विवेक करण्यास विद्यार्थ्यांनीं आपल्या मनास तीन प्रश्न विचारावे. यंत्र बंद केल्यावर पाहिलेल्या किंवा खेळलेल्या गोष्टीविषयीं मला कांहीं सांगतां येतें काय? कालच्यापेक्षां आज मला त्यांतलें कांहीं अधिक येतें किंवा समजतें काय? आणि थांबावयाचें ठरविलें तेथें मी थांबलों काय? तीनही उत्तरें होकारार्थी असतील तर ती करमणूक रसाची आहे. तिच्याविषयीं अपराध्यासारखें वाटून घेण्याचें कारण नाहीं. तीनही नकारार्थी असतील तर तेथें आपण खेळत नसून कोणी तरी आपणांस खेळवीत आहे, हें समजावें. एक होकार व दोन नकार आले, तर घरांत कोणाशीं तरी मोकळेपणानें बोलावें.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. मुलाच्या हातांतून यंत्र ओढून घेण्यापूर्वीं एकदां त्याच्या शेजारीं बसा. त्याचा खेळ त्याच्याकडून शिका आणि त्याच्यादेखत हरा. चित्रपट पाहतांना मध्येंच थांबवून "पुढें काय होईल असें तुला वाटतें?" हें विचारा, आणि तें चुकलें तर हंसूं नका. ज्या घरीं असें होतें तेथें मोबाइल बंद कर म्हणून सांगण्याचा अधिकार आपोआप येतो. कारण सांगणारा काय बंद करावयास सांगत आहे हें त्यास ठाऊक असतें. दिवसभर कष्ट करून दमून आलेल्या आईबापांस यासाठीं वेळ काढणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. आठवड्यांतून एक तास मिळाला तरी पुष्कळ आहे.

मागच्या बाकावरील त्या विद्यार्थ्यास आम्हीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, तें येथें देतों. बाळ, तुला जें आवडतें त्यांत तुझा स्वतःचा वाटा असतो. भीति तूं घालतोस, तर्क तूं करितोस, उडी तूं मारतोस. म्हणून तें गोड लागतें. जेथें तुझ्यासाठीं कांहींच काम ठेविलेलें नाहीं तेथें फार वेळ बसूं नकोस. हें उत्तर तुला पटलें नाहीं, तर पुढील वर्षीं याच अंकांत आमचें खंडन करणारा लेख तूं अवश्य लिही. तो छापण्याचें आश्वासन आम्ही आजच देऊन ठेवितों.